कुंकवाची बाजू

जीवराम नाना पिंप्राळ्यात माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. वय बासष्ट. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा, त्या काचेच्या. बोलणं कमी. विचारलं तर उत्तर देतात, तेही अर्धं. उरलेलं अर्धं त्यांच्या बायकोकडून, बेबाबाईंकडून, काढून घ्यावं लागतं. नाना काय करतात असं कोणी विचारलं आणि मी सांगितलं, की लोक आधी हसतात. नाना गोळी अडवणारी काच करतात.

जळगावात? हो, जळगावातच. औद्योगिक वसाहतीत एका बाजूला डाळ मिल, दुसऱ्या बाजूला पाइपांचं गोदाम, आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा काचखाना. सोन्याच्या एवढ्या पेढ्या असलेल्या गावात अशी काच कोणी मागितली नसती तरच नवल.

मी अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे काचखान्यात इंग्रजी कागद आला की संध्याकाळी नाना तो घडी करून माझ्याकडे आणतात. एवढ्या वर्षांत कागद वाचता वाचता मला त्यांचं काम कळलं, आणि थोडेफार नानाही कळले.

काम असं. साध्या काचेची दोन-तीन जाड तावदानं घ्यायची, प्रत्येक दोहोंच्या मध्ये पातळ चिकट पडदा घालायचा, आणि सगळ्यात मागे प्लास्टिकचा जाड, चिवट ताव. हे सगळं दाबाच्या भट्टीत तापवून एकजीव करायचं. समोरची काच कडक, ती गोळी चेपून बोथट करते. फुटते, पण जागची हलत नाही. मागचा ताव वाकतो आणि उरलेला जोर पोटात घेतो, काचेचे तुकडेही अडवतो. म्हणजे या काचेला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. उलटी बसवली तर ती काहीच कामाची नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

या सगळ्यासाठी धूळ नसलेली खोली लागते. आपल्याकडे, जिथे एप्रिलमध्ये दार उघडलं की ताटात माती येते, तिथे ती खोली नानांनी उभी केली. बारा वर्षांपूर्वी काचखान्याच्या मालकांनी, अभयकुमार शेठनी, कुठूनशी जुनी भट्टी आणली. ती चालवायची कशी हे आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. नानांनी ती चालवून पाहत पाहत अकरा तावदानं जाळली, बाराव्यात बुडबुडे आले, तेरावं जमलं. पुढे खोलीत नाना धरून चार माणसं झाली. त्यांतली कामिनी नानांच्या हाताखाली तयार झालेली. तिला बुडबुडा नानांच्या आधी दिसतो. नाना ते मान्य करतात आणि वर आपल्या अहिराणीत म्हणतात, "तिना डोया नवा शेत."

नाना मूळचे पारोळ्याकडचे. अठराव्या वर्षी शेठच्या वडिलांच्या काचेच्या दुकानात कामाला लागले, ते भंवरीबाईंमुळे. भंवरीबाई म्हणजे अभयकुमार शेठच्या आई, आज ब्याऐंशी वर्षांच्या. सगळे त्यांना माजी म्हणतात, आई या अर्थाने. पोरगा दुकानातच झोपतो हे कळल्यावर त्यांनी त्याला सात वर्षं स्वतःच्या स्वयंपाकघरातून जेवू घातलं. त्यांचं घर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. नाना अजूनही साडेसहाला जेवतात. बेबाबाई लग्न होऊन आल्यापासून या वेळेला शिव्या घालतात, पण सहाला भाकरी टाकतात.

काच तयार झाली की चाचणीला जाते. धुळ्याच्या पुढे डोंगराच्या कडेला एका खासगी प्रयोगशाळेची गोळीबाराची जागा आहे. तिथे प्रत्येक काचेवर तीन गोळ्या झाडतात, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, त्रिकोणात. काचेमागे अर्ध्या मीटरवर चांदीच्या कागदासारखा पातळ पत्रा लावतात. गोळी आरपार गेली तर नापास. गोळी अडली, पण मागून काचेचा तुकडा उडून पत्र्याला भोक पडलं, तरी नापास. हिशेब बरोबर आहे. पेढीवर बसलेल्या माणसाचा डोळा गोळीने गेला काय आणि काचेने गेला काय.

हत्यारं वेगवेगळी. नऊ एमएमचं पिस्तूल, मग रायफल. गोळीचं वजन फारसं वेगळं नसतं, वेग मात्र दुपटीहून जास्त होतो, आणि जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून रायफलची गोळी पिस्तुलाच्या पाचपट जड पडते. हे मी नानांना एकदा पाटीवर मांडून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां. काचवर तसंच दिसस." या दोन्हींच्या मध्ये नानांनी स्वतःच्या हट्टाने तिसरं हत्यार घातलं होतं: तीनशे पंधरा बोअर. कागदात त्याची गरज नव्हती. पण गावठी कट्ट्यात बहुतेक तीच गोळी घालतात, आणि इथला सराफ विचारतो तो कट्ट्याबद्दल. "लष्करना माणूस येत नही लुटाले," असं नानांचं म्हणणं.

मागल्या एप्रिलमध्ये शेठनी नानांना केबिनमध्ये बोलावलं. शेठचा मुलगा रोनक तिथे होता. हा माझा विद्यार्थी, प्रकाशाच्या धड्याला हमखास झोपणारा. आता पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला आहे. शेठ म्हणाले, "नाना, बाहेरून तयार काच मिळते आता. आपण नुसती कापून बसवायची. एवढी कटकट कशाला? या वेळी रायफलची काच पास झाली तर खोली चालू ठेवू. नाही तर भट्टी काढून टाकतो."

"बरं," नाना म्हणाले.

मला हे कळल्यावर मी विचारलं, "बरं काय? भांडला का नाहीत?"

"भांडीसन काच पास व्हस का, अक्का?"

नानांनी सहा काचा केल्या. तीन चाचणीला, तीन राखीव. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, एकेक बावीस किलोची. चौघांनी महिनाभर दुसरं काही पाहिलं नाही. शेडमध्ये पंखा लावायचा नाही, धूळ उडते. बेचाळीस, त्रेचाळीस तापमानात नाना तोंडाला कापड बांधून उभे. घरी येऊन ओट्यावर पाय पाण्यात सोडून बसायचे, आणि बेबाबाई म्हणायच्या, "त्या काचलेच कर तुन्हं घर."

आता कुंकवाचं. चाचणीला निघणाऱ्या प्रत्येक काचेची माजी पूजा करतात. हत्यारं, गोळीबार हे त्यांना मुळात पटत नाही. पण काचेने जीव वाचतो, म्हणून काचेला त्यांचा हात लागतो. त्या कुंकवाने साथिया काढतात, आपण ज्याला स्वस्तिक म्हणतो तो. पहिल्या वर्षी तो समोरच्या बाजूला काढला गेला, दुसऱ्या वर्षीही. चौकट बसवल्यावर काचेची कडा झाकली जाते आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मग नानांनीच धुळ्याच्या वनाभाऊंना सांगून ठेवलं, की कुंकवाची बाजू बंदुकीकडे. वनाभाऊ म्हणजे तिथे बंदुका सांभाळणारे निवृत्त हवालदार. तेव्हापासून ना चिठ्ठी, ना खूण. दहा वर्षं कुंकवावर काम चाललं. रोनकचं शिक्षण, प्रयोगशाळेची प्रमाणपत्रं, सगळं एका बाजूला, आणि काच कुठून बसवायची हे ठरवणार माजींचं बोट.

काचा निघाल्या त्या सकाळी नाना गाडी फाटकाशी लावून घ्यायला गेले होते. माजी थाळी घेऊन आल्या. काचा लाकडी घोडीवर उभ्या होत्या. माजी पुढून वळून मागे गेल्या आणि तिन्ही साथिये मागच्या बाजूला काढले. कामिनीने पाहिलं. खुणेचं तिला कोणी सांगितलं नव्हतं; तिला वाटलं, माजींना तिकडून जागा बरी पडली असेल. नाना आले, काचा गोधडीत गुंडाळल्या, गाडी एरंडोल-पारोळा मार्गाने धुळ्याला गेली. नखाने टिचकी मारली असती तरी कळलं असतं. काच टणक वाजते, प्लास्टिक बद्द. नाना प्रत्येक काचेला टिचकी मारतात. त्या दिवशी मारली नाही. महिनाभर उभं राहून माणूस थकला होता, दुसरं काही नाही.

तिन्ही काचा नापास झाल्या.

नाना कागद घेऊन आले तेव्हा मी भाजी निवडत होते. "हाई वाची द्या," म्हणाले आणि खुर्चीत न बसता दाराच्या चौकटीला टेकले.

मी वाचलं. नऊ एमएम: गोळी अडली, पण मागच्या पत्र्याला काचेच्या तुकड्यांनी एकोणीस भोकं. तीनशे पंधरा: दुसरी गोळी आरपार. रायफल: पहिलीच आरपार. खाली शेरा होता की मागच्या बाजूने काचेचे तुकडे मोठ्या प्रमाणात उडाले.

"मागून काच कशी उडेल? मागे तर तुमचं प्लास्टिक असतं."

"असस."

"मग उलटी लावली त्यांनी."

"कुंकू दखीसन लावी. बराबर लावी त्यासनी."

"मग कुंकू उलटं होतं. कोणी लावलं?"

नाना चौकटीची कड नखाने खरवडू लागले. कामिनीकडून त्यांना कळलं होतं, हे नंतर मला कामिनीनेच सांगितलं.

"माजींनी?" मी म्हटलं. "मग झालं तर. उद्या सकाळी जाऊन शेठना सांगा."

"काय सांगू? तुमची माय चुकली म्हणून?"

"हो. चुकली आहे ना."

"टिचकी मारानं काम मन्हं व्हतं."

"टिचकीचं राहू द्या. तुमची खोली जाते आहे, नाना. चार माणसं आहेत तिथे. त्या कामिनीला दुसरीकडे कोण घेणार आहे? भंवरीबाईंना चार दिवस वाईट वाटेल. वाटू दे."

"ब्याऐंशीनी शे ती," नाना म्हणाले. "आते तिले चूक कसाले दाखवानी?" कागदाची घडी केली आणि गेले. साडेसहा व्हायला आले होते.

दुसऱ्या दिवशी नानांनी शेठना सांगितलं की वनाभाऊंना बाजू उलटी सांगितली, चूक माझी. केबिनच्या दारात कामिनी उभी होती. ती सांगते की शेठनी आधी चाचणीचा कागद पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाले, "बारा वर्षांत चुकला नाहीत, आणि यंदाच?"

"वय झालं, शेठ."

रोनक म्हणाला, "पप्पा, तीन काचा तयार आहेत. एकदा परत पाठवू. नाही तर महिना फुकट."

शेठनी ऐकलं, पण अट घातली. चाचणी रोनकने करून घ्यायची. खोली कामिनीने बघायची. नानांनी कटिंगच्या टेबलावर बसायचं; तिथे आरशांचे आणि खिडक्यांच्या काचांचे तुकडे पाडतात. "वय झालं म्हणता, तर आराम करा," शेठ म्हणाले. त्यांनी ते चांगल्या मनानेच म्हटलं, आणि तेच मला जास्त खटकलं.

नाना कटिंगवर बसले. पिंप्राळ्यातल्या कुठल्याशा ब्यूटी पार्लरचे आरसे कापू लागले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

रोनकने काचांवर छापील चिठ्ठ्या लावल्या: पुढची बाजू, मागची बाजू. बारा वर्षांपूर्वी लावायला हव्या होत्या. माजी नेहमीप्रमाणे थाळी घेऊन आल्या, चिठ्ठ्या पाहिल्या आणि कामिनीला विचारलं, हे काय नवीन. कामिनी वीस-बावीस वर्षांची, तिला लपवाछपवी जमत नाही. म्हणाली, "मागल्या टाइमाला तुम्ही मागून साथिया काढला ना माजी, म्हणून काच उलटी लागली."

माजी थाळी तिथेच ठेवून कटिंगच्या टेबलाशी गेल्या.

"जीवराम, तो साथिया म्हणजे निशाणी होती?"

"हो, माजी."

"मला कोणी सांगितलं नाही. मला वाटायचं, मी पूजा करते." त्यांनी टेबलाची कड धरली. "रोनकने मोबाइलवर मागल्या वर्षीचं दाखवलं. साथियावरच गोळी मारत होते. माझ्या हातचा साथिया, आणि त्यावर गोळी. मी म्हटलं, यंदा मागे काढते. मागे तरी वाचेल."

"बरोबर केलं तुम्ही."

"कसलं बरोबर? खोली बंद करत होता ना अभय? आणि तू म्हणालास, माझी चूक. खोटं का बोललास?"

"खोटं कुठे? टिचकी मी मारली नाही."

"मी सांगते अभयला. आत्ता सांगते."

"आधी काच पास होऊ द्या, माजी," नाना म्हणाले. "नापास झाली तर कुणी काय केलं त्याला काय अर्थ? पास झाली की सांगा."

हे मला पुढे माजींनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पूजा केली नाही. काचांना नुसता हात लावला आणि घरी गेल्या.

रोनकची गाडी धुळ्याला निघाली तेव्हा मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं कागद वाचले, एकदा डोळ्यांनी पाहू दे, असं मी रोनकला सांगितलं. त्याने मागचं दार उघडलं. नाना पुढे बसले होते. शेठना न विचारता रोनकनेच त्यांना आणलं होतं. "मॅडम, मला त्यातलं काय कळतंय," म्हणाला. निदान एवढं त्याला कळतं, याचं मला बरं वाटलं.

गोळीबाराची जागा म्हणजे पत्र्याचा लांब बोळ, शेवटी मातीचा ढिगारा. काचा आदल्या दिवशीच पाठवलेल्या. रात्रभर थंड खोलीत ठेवतात, उन्हात तापलेली काच खरं सांगत नाही. वनाभाऊंनी नानांना पाहून विचारलं, "आज कुंकू नाही? मग मी शूट कुठून करू?"

"चिठ्ठी वाच," नाना म्हणाले.

"वाचता येत असतं तर हवालदार कशाला राहिलो असतो," वनाभाऊ म्हणाले. त्यांना चांगलं वाचता येतं. तरी नाना पुढे गेले आणि तिन्ही काचांना नखाने टिचकी मारून आले.

पिस्तूल शिकंज्यात पक्कं केलेलं. दोरी ओढायची आणि भिंतीआड उभं राहायचं. नऊ एमएमचे तीन आवाज झाले. मग तीनशे पंधराचे तीन. त्याचा आवाज छातीत लागतो. प्रत्येक गोळीनंतर एक माणूस मागचा पत्रा उजेडाकडे धरून पाहतो आणि नुसतं "ठीक" म्हणतो. सहा वेळा ठीक. नाना भिंतीजवळच्या रिकाम्या पेटीवर बसून होते. डोळे मिटलेले. झोपले की काय, असं मला वाटलं.

रायफलला अंतर दहा मीटर. पहिली गोळी, ठीक. दुसरी, ठीक. तिसरीनंतर तो माणूस पत्रा फिरवून फिरवून बघत राहिला. मग भिंगाने बघू लागला. रोनक दोनदा पुढे जायला निघाला, वनाभाऊंनी त्याला हाताने मागे धरलं. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते, पण ते पत्र्याकडे पाहत नव्हते, काचेकडे पाहत होते. काचेवर तीन पांढरी फुलं उमटली होती आणि मागचा ताव हाताच्या पंजाएवढा फुगला होता.

"फुगा आला," नाना हळूच म्हणाले. "फाटला नाही. पास शे."

"ठीक," तो माणूस म्हणाला. भोकासारखा दिसणारा डाग पत्र्याचाच होता.

रोनकने तिथूनच वडिलांना फोन लावला. वनाभाऊंनी चहा मागवला. नाना काचेजवळ गेले, फुगलेल्या जागी तळवा ठेवून उभे राहिले, आणि परत येऊन म्हणाले, निघूया का. येताना पारोळ्यापर्यंत ते झोपले होते.

माजींनी त्याच संध्याकाळी शेठना सांगितलं. सकाळी शेठ कटिंगच्या टेबलाशी आले. कामिनी सांगते की शेठचा चेहरा पाहवत नव्हता. एवढा मोठा माणूस, आरशाचे तुकडे इकडचे तिकडे करत उभा. मग म्हणाले, "नाना, आजपासून परत खोलीत. भट्टी जागची हलणार नाही, शब्द आहे माझा."

नाना म्हणाले, भट्टी राहते ना, झालं. खोली कामिनीकडेच राहू द्या, तिला येतं.

मी ऐकल्यावर तणतणत त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते, पाय बादलीत. बेबाबाई आत भाकरी टाकत होत्या.

"बारा वर्षं राबलात," मी म्हटलं. "परत मिळत होती, तर नको म्हणालात. याला काय म्हणायचं?"

"अक्का, खोलीमा दिवसभर उभं राहनं पडस," नाना म्हणाले. "कटिंगले स्टूल शे."

मी बेबाबाईंकडे पाहिलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला आत बोलावलं, म्हणाल्या, बसा, जेवूनच जा. सव्वासहा वाजले होते. माझी जेवायची वेळ नऊची. मी बसले.